दमेकरी मुलाचं मैदान



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालते, म्हणून मी विषय दवाखान्यातला न घेता शाळेच्या पटांगणावरचा घेतला आहे. मी लहान मुलांचा डॉक्टर. डिसेंबर लागला की माझ्याकडे एका कागदाची मागणी सुरू होते. शाळेचे खेळाचे सामने तोंडावर असतात. आई नाहीतर आजी लेकराला पुढे करते आणि म्हणते, "डॉक्टरसाहेब, याले धाप लागते. खेळाच्या तासाले सूट द्या म्हणून लिहून द्या न." या मागणीमागची माया मला कळते. रात्री दोन वाजता लेकराची छाती भात्यासारखी वरखाली होताना जिने पाहिली, ती माय त्याला धावू देईल कशी? पण सरसकट सूट देणारा तो कागद मी देत नाही. का देत नाही, ते सांगायला आज उभा आहे.

खेळताना दमेकरी मुलाला धाप लागली, तर त्यातून आधी एक अर्थ काढायचा असतो : उपचार कुठेतरी कमी पडतो आहे. औषध चुकतंय, नाहीतर ते घेण्याची पद्धत चुकतेय, नाहीतर घरात-शेतात असं काही आहे जे त्याची छाती रोज चिडवतंय. ते शोधायचं सोडून आपण खेळच बंद करतो. धाप दिसेनाशी होते, आणि आजार तसाच राहतो.

धावल्यावर छातीत काय होतं ते आधी पाहू. शांत बसलेलं मूल नाकाने श्वास घेतं. नाक हवा गरम करतं, ओलसर करतं आणि मग आत सोडतं. धावताना नाक पुरत नाही, तोंड उघडतं, आणि कितीतरी पट जास्त हवा थंड आणि कोरडी असतानाच छातीत उतरते. ती हवा श्वासनळ्यांच्या अस्तरावरचं पाणी ओढून घेते. अस्तरावरचा पातळ द्रव दाट आणि खारट होतो. तिथल्या मास्ट पेशी त्यामुळे चाळवतात आणि हिस्टामिन, ल्युकोट्रिएन असली रसायनं सोडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. निरोगी मुलाच्या नळ्या हे सहन करतात. दमेकरी मुलाच्या नळ्या आधीच सुजलेल्या असतात, त्यांना एवढंही पुरतं. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळी सात वाजता जी हवा असते, ती थंडही असते आणि कोरडीही. आपल्या शाळांचे सामने नेमके त्याच दिवसांत आणि पुष्कळदा त्याच वेळेला होतात.

शिक्षकांनी आता जरा लक्ष देऊन ऐकावं, कारण पुढची गोष्ट ओळखण्याची संधी डॉक्टरपेक्षा त्यांनाच जास्त मिळते. कोणतंही पोरगं धावलं की धापणारच. पण साधी धाप थांबल्यावर दोन-चार मिनिटांत उतरते. दम्याची धाप पुष्कळदा थांबल्यावर वाढते. सलग सहा-आठ मिनिटं धावून मूल थांबलं की पुढच्या पाच-दहा मिनिटांत ती शिगेला पोचते, आणि अर्ध्या-एक तासात ओसरते. काहींना नुसता खोकला येतो. शर्यत संपली, सगळी पोरं पाणी प्यायला गेली, आणि एक जण भिंतीला टेकून खोकत उभा आहे, असं दिसलं तर ते वहीत टिपून ठेवा आणि पालकांना बोलवा. हे मूल वर्गात बसलेलं असताना ठणठणीत दिसतं. दवाखान्यात येईपर्यंत त्याची छाती मोकळी झालेली असते. त्यामुळे तुमची ती नोंद आम्हाला फार उपयोगी पडते. पीक फ्लो मीटर नावाचं एक साधं हातात मावणारं यंत्र असतं. धावण्याआधी त्यात फुंकायचं, सहा मिनिटं धावायचं, मग दर पाच मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. आकडा पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त घसरला, तर दम्याचा संशय पक्का होत जातो. ही तपासणी डॉक्टरच्या देखरेखीत शाळेच्या पटांगणावरही होऊ शकते.

मात्र प्रत्येक धाप दम्याची नसते. आपल्या भागात मुला-मुलींमध्ये रक्त कमी असतं. विदर्भात सिकलसेल आहे. वारंवार घसा दुखून, सांधे सुजून पुढे हृदयाच्या झडपा बिघडलेली मुलंही आहेत. खेळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन मूल पडलं, ओठ निळे झाले, तर आधी त्याची पूर्ण तपासणी. तोवर मैदान थांबवणं योग्यच. मी ज्याबद्दल बोलतो आहे ते दमा नक्की ठरलेलं, उपचार चालू असलेलं मूल.

अशा मुलाला बसवून ठेवलं तर काय होतं? हालचाल नसली की स्नायू आणि हृदय दोन्ही कमकुवत होतात. मग तेवढ्याच कामाला त्याला आधीपेक्षा जास्त श्वास लागतो. जिना चढला तरी धाप. ती पाहून घरचे म्हणतात, दमा वाढला, याला आणखी जपा. वजन वाढतं, त्याने धाप आणखी वाढते. आणि मैत्री तर खेळातूनच होते; ज्याला कोणी गड्यात घेत नाही त्या पोराची संध्याकाळ कशी जात असेल, याचा आपण विचार करत नाही. दमेकऱ्यांच्या व्यायामावर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये घेतला. नियमित व्यायामाने दमेकऱ्यांची शारीरिक क्षमता वाढते आणि दमा बिघडत नाही, असं त्यात दिसलं.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला अमेरिकेचे ५९७ खेळाडू गेले. त्यांतल्या ६७ जणांना दमा किंवा व्यायामाने श्वासनळ्या आवळण्याचा त्रास होता. त्या ६७ जणांनी ४१ पदकं आणली. एमी व्हॅन डायकन ही लहानपणापासूनची दमेकरी मुलगी. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पोहायला लागली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिने चार सुवर्णपदकं घेतली. पाण्याजवळची हवा दमट असते, म्हणून पोहणं बऱ्याच दमेकरी मुलांना सोसतं. जॅकी जॉयनर-कर्सीने १९८८ मध्ये सोल इथे हेप्टॅथलॉनमध्ये ७,२९१ गुणांचा विश्वविक्रम केला. तीही दमेकरी. ही माणसं दैवी नव्हती. त्यांचा दमा ओळखला गेला, त्यांना औषध मिळालं, आणि मैदानावर कोणी अडवलं नाही.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. याचं मोठं कारण म्हणजे सुजेवरचं औषध रोज घेणारे आपल्याकडे फार थोडे.

म्हणून आता पंपाबद्दल. इन्हेलरला आपण सगळे पंपच म्हणतो. "पंपाची सवय लागते, मग सुटत नाही" हे वाक्य मी ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. गोळीशी तुलना करून पाहा. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत दोन किंवा चार मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट जिथे हवा तिथे जातो. वीस ते चाळीस पट कमी औषधात काम होतं, तेही काही मिनिटांत. हा पंप एका मुलीच्या प्रश्नातून निघाला. १९५५ मध्ये रायकर लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पहिला पंप बाजारात आला.

पंप दोन कामांचे असतात, आणि घरोघरी नेमका इथेच घोटाळा होतो. एक तातडीचा. तो आवळलेले स्नायू सैल करतो, लगेच बरं वाटतं, पण सूज तशीच राहते. दुसरा रोजचा. त्यात अगदी थोड्या मात्रेत स्टिरॉइड असतं. त्याने त्या क्षणी काहीच वाटत नाही, म्हणून लोक तो आठवड्याभरात ठेवून देतात. मैदानाची दारं मात्र हा दुसराच उघडतो. स्टिरॉइड हा शब्द ऐकला की बाप घाबरतो, "वाढ खुंटन न माया पोराची?" खरं सांगतो. लहानपणी वर्षानुवर्षं तो पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी सुमारे एक सेंटीमीटर कमी भरते. न आवरलेला दमा, चुकणारी शाळा, तुटणारी झोप आणि अधूनमधून द्यावी लागणारी स्टिरॉइडची गोळी-इंजेक्शनं यांच्यासमोर तो एक सेंटीमीटर ठेवून पाहा. पंप घेतल्यावर चूळ भरायची, एवढी काळजी घ्यायची.

मृग लागला की आपल्याकडची माणसं दम्यासाठी माशाचं औषध घ्यायला हैदराबादला जातात. कोजागिरीच्या रात्री गावोगाव खिरीतून दम्याचं औषध मिळतं, तिथे रांगा लागतात. कोणाच्या श्रद्धेला मी बोल लावत नाही. एवढंच मागतो, की ते घेतलं म्हणून रोजचा पंप बंद करू नका. आणि कुठल्याशा गावाहून आणलेल्या बिननावाच्या पुड्या मात्र घेऊच नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइडची भुकटी मिसळलेली सापडली आहे. पोरगं चार दिवसांत खडखडीत होतं, तोंड गोल होतं, घरच्यांना वाटतं बाळसं धरलं. ज्या स्टिरॉइडला आपण पंपात भितो, तेच इथे कितीतरी पट जास्त पोटात जात असतं.

नुसता पंप तोंडात दाबला तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशात बसतं. म्हणून पंप आणि तोंड यांच्या मध्ये स्पेसर, म्हणजे एक पोकळ डबा, लावायचा. तो विकत मिळतो, पण तेवढ्यासाठी कोणाचं अडू नये. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला हेदर झार या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर करून पाहिला. बाटलीच्या बुडाशी पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, सांधा हवाबंद करायचा, दुसऱ्या टोकाने मुलाने श्वास घ्यायचा. दम्याचा झटका आलेल्या मुलांमध्ये या बाटलीने महागड्या स्पेसरइतकंच काम केलं, हे त्यांनी १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. पाण्याची रिकामी बाटली आपल्या या शेंदूरजना गावात कुठे मिळत नाही?

आता आपल्या गावाकडे येऊ, कारण मैदानावरची धाप पुष्कळदा घरातून आणि शेतातून आलेली असते. कापूस वेचून आणला की भाव वाढेपर्यंत तो घरातच भरून ठेवायचा आपला रिवाज आहे. पोरं त्याच ढिगावर झोपतात, उड्या मारतात. त्याची धूळ-तूस दमेकरी मुलाला बाधते. जागा नसेल तर निदान त्याचं अंथरूण दुसऱ्या खोलीत टाका. चुलीत पऱ्हाटी-तुराटी जळते, तिचा धूर. रात्री डासांची कॉइल, तिचाही धूर. बांधाबांधावर गाजरगवत फुललेलं असतं, तेही बाधतं. संत्र्यावर कोळशी रोगासाठी किंवा सायला किडीसाठी फवारणी चालू असली तर त्या दिवशी त्या बगीच्याच्या अंगाला मुलांनी खेळायचं नाही, दमा असो वा नसो.

सोयाबीनचं तर वेगळंच सांगायला हवं. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात दम्याच्या २६ साथी आल्या. एकाच दिवशी दवाखाने भरून जायचे, आणि कारण कळेना. शेवटी शोध लागला तो बंदरात : ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवायचे त्या दिवशी टरफलांची धूळ वाऱ्याबरोबर शहरावर यायची. कोठारांना गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात मळणीयंत्रं सुरू होतात आणि कुटाराचा लोट गावावरून जातो. त्या दिवसांत कोणत्या मुलांची छाती भरते, हे आई-बापांनी आणि शिक्षकांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावं. एखाद्या मुलाचं गणित नेमकं सोयाबीनशी जुळलं तर तेवढे दिवस औषध वाढवता येतं, मळणीपासून त्याला लांब ठेवता येतं. बाकीचं वर्ष तो मोकळा.

आणि संत्री. अख्ख्या मुलुखाला संत्री पुरवणाऱ्या या भागात दमेकरी पोराला संत्रं दिलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. "आंबट हाय, थंड हाय, छाती भरन." संत्र्याने दमा होत नाही. एखाद्या मुलाला एखाद्या फळाची खरोखर ॲलर्जी असू शकते, पण ती त्या मुलापुरती. ती तपासून ठरवायची. बाटलीबंद सरबतात टिकण्यासाठी सल्फाइट घातलेलं असलं तर त्याने काहींना त्रास होतो. झाडावरून तोडलेल्या फळाचा त्यात दोष नाही.

खेळ कोणता? आपली माती इथे मदतीला येते. सलग सात-आठ मिनिटं धावण्याने नळ्या जितक्या आवळतात तितक्या थांबून-थांबून धावण्याने आवळत नाहीत. खो-खोत मूल बसतं, उठतं, पळतं, पुन्हा बसतं. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, १९१४ साली सुरू झालेल्या त्या आखाड्याने, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक जगाला दाखवलं. ज्या वऱ्हाडाने हे केलं त्या वऱ्हाडात दमेकरी पोराला कबड्डीत घेतलंच पाहिजे. फक्त धूळ उडू नये म्हणून खेळाआधी मैदानावर पाणी शिंपडा.

कोणताही खेळ असो, आधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करायचं : चालणं, हलकं धावणं, मध्ये दोन-तीन छोट्या जोरकस धावा. अशी तयारी केल्यावर पुष्कळ मुलांच्या नळ्या पुढचा तास-दोन तास सहजी आवळत नाहीत. शरीराची ही सोय फुकट आहे, आणि आपण ती वापरतच नाही; थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांना थेट ओळीत उभं करून शिट्टी वाजवतो. थंडीत तोंडा-नाकावर रुमाल बांधून धावू द्या, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार-ओलसर होते. सामने नऊ-दहा वाजता ठेवा. खेळ संपल्यावर एकदम बसू नका, पाच मिनिटं चाला. डॉक्टरांनी सांगितलं असेल त्या मुलाने खेळाच्या पाच ते पंधरा मिनिटं आधी तातडीच्या पंपाचे फवारे घ्यावेत. मात्र खेळाव्यतिरिक्त आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा तो पंप लागत असेल तर दमा आवाक्यात नाही, दवाखान्यात यायचं. आणि सर्दी-ताप असेल, रात्री खोकून उठलं असेल, तर त्या दिवशी खेळ नको. तो निर्णय त्या दिवसापुरताच.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं इथे बसली आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. या सलग धावा आहेत. भरतीत कळू नये म्हणून दमा लपवून, पंप न घेता पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं मला माहीत आहेत. बाबांनो, नियमांचं काय ते वैद्यकीय तपासणीत ठरेल. पण औषधाशिवाय छाती आवळत धावू नका. त्यात जीव जातो.

मुलींबद्दल मला जास्त बोलायचं आहे. मुलगा दमेकरी असला तर तो लपून-छपून का होईना खेळतो. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिचं खेळणं तसंही बंद होत जातं, आणि दमा हे त्याला चांगलं निमित्त मिळतं. पुढे आणखी कठीण होतं. पंप ओढणीत लपवून शाळेत न्यायचा, चारचौघींत काढायचा नाही, कारण "गावात समजलं तं लग्नाले अडचण येईन". एक मुलगी खो-खोच्या सामन्यात धापायला लागली. पंप तिच्या दप्तरात होता आणि ती मागत नव्हती. तिच्या मैत्रिणीने धावत जाऊन तो आणला, म्हणून निभावलं. ती लाज तिच्या मनात आपण घातली आहे. चष्मा लावणाऱ्या मुलीला आपण लपायला लावत नाही. शाळेत बाईंनी वर्गासमोर पंप हातात धरून तो काय आहे हे एकदा सगळ्यांना सांगितलं, तरी पुष्कळ फरक पडेल. आणि आयांनो, औषध घेऊन धावणारी मुलगी सासरी जाऊन संसार करते, बाळंतपणं निभावते. तिच्या दम्याला उपचार नसले तर तिथे खरी अडचण येते.

शाळेने काय करायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक शाळेत येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत श्वासनळ्यांचा हा आजारही आहे, हे फार थोड्या शिक्षकांना माहीत असतं. पथक येण्याआधी तुमच्या त्या नोंदी तयार ठेवा आणि मुलं दाखवून द्या. दमेकरी मुलाचं नाव, त्याचं औषध आणि आई-बापाचा फोन एका कागदावर मुख्याध्यापकांकडे असावा. पंप कुलपातल्या कपाटात ठेवू नका. तो मुलाजवळ, आणि खेळताना मैदानावरच्या शिक्षकांच्या खिशात असावा.

धाप लागलीच तर मुलाला बसवा, आडवं करू नका. भोवतीची गर्दी हटवा. तातडीच्या पंपाचा एक फवारा स्पेसरमध्ये, चार श्वास. असे एकेक करून चार फवारे. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही नाही, किंवा मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, गळ्याखाली आणि फासळ्यांमध्ये खड्डे पडतात, ओठ निळसर झाले, गुंगी येते आहे, तर १०८ ला फोन आणि वरूडच्या दवाखान्याचा रस्ता. गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवायचे. छातीतला सुईसुई आवाज अचानक बंद झाला आणि मूल तरीही थकलेलंच दिसतं, तर बरं वाटलं असं समजू नका. हवा आत जात नाही म्हणून आवाज थांबलेला असतो.

खेळातून सूट देणाऱ्या कागदाऐवजी मी दुसरा कागद देतो. त्यावर लिहिलेलं असतं : याला खेळू द्यावं, आधी अंग गरम करून घ्यावं, पंप अमुक, फवारे इतके, त्रास झाल्यास असं करावं, खाली माझा फोन. काही शाळांनी तो वर्गशिक्षकांच्या हजेरीपटाला जोडला आहे.

आता भाषण पुरे. या बाजूच्या टेबलावर रिकाम्या बाटल्या, चिकटपट्टी आणि कात्री ठेवली आहे. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी तो घेऊन पुढे या. बाटलीला भोक कसं पाडायचं ते करून पाहू, आणि प्रत्येक मूल पंप कसा घेतं ते मी स्वतः बघतो. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी आधी या.